झोपवलेल्या हिऱ्यांचा भाव

आत्या, तुझी उशी कोणाला द्यायची ते तू सांगितलं नाहीस.

गादी नेली. गोधड्या नेल्या. भांडी करमाडला बाबांकडे गेली. आवरायला आलेल्या बायांनी कोपऱ्यातला बंद पडलेला स्टोव्हसुद्धा सोडला नाही. पण उशीजवळ आल्या की त्या वळून दुसरीकडे जायच्या, जणू तिथं अजून कुणी निजलेलं आहे. झाडणाऱ्या बाईनं तेवढी जागा सोडून झाडलं. त्यामुळं खोली स्वच्छ झाली तेव्हा मधोमध तुझी उशी होती आणि तिच्याभोवती धुळीची एक कड.

आमच्या मॅडम म्हणाल्या, कॉलेजच्या अंकासाठी आत्यावर लिही. जन्म कुठं झाला, लग्न कधी झालं हे नको, तुला जे आठवतं ते लिही. मी हो म्हटलं खरं. पण आठवणी लिहायच्या तर तू काय काम करायचीस ते आधी वाचणाऱ्यांना सांगावं लागेल. ते आपण गल्लीबाहेर कधी मोठ्यानं बोललेलो नाही. रागावू नकोस.

हिरा किंवा नीलम कायमचा घ्यायच्या आधी काही दिवस घरी ठेवून बघायची पद्धत आपल्याकडे आहे. घरात कुणी आजारी पडलं, कुणाला वाईट स्वप्न पडलं, तर खडा सराफाकडे परत. हे बऱ्याच जणांना माहीत असेल. पण ज्यांना तेवढाही धोका नको असायचा त्यांच्यासाठी शहागंजातले आपले शेठ खडा आधी तुझ्याकडे आणायचे, हे थोड्यांनाच माहीत आहे. तू तो कागदाच्या पुडीसकट उशीखाली ठेवायचीस आणि झोपायचीस. उठलीस की काय दिसलं ते शेठना सांगायचीस. याला गल्लीत ‘हिरा झोपवणं’ म्हणत.

आणि ते दुपारीच. "रातचं सपान मानसाचं असतंय," तू म्हणायचीस. "दिवसभर राबलेलं, खाल्लेलं, भांडलेलं समदं त्यात येतंय. दुपारी मानूस मोकळं असतंय. तवा दगडाला बोलाया जागा मिळती."

हे काम तुझ्या सासूचं. पोलीस ॲक्शन होऊन संस्थान बुडालं, जहागिरी गेल्या, मोठ्या देवड्यांमधली, म्हणजे जहागीरदारांच्या वाड्यांमधली माणसं पोटापाण्यासाठी दागिने काढू लागली आणि एकाच वेळी एवढे हिरे शहागंजात आले की घेणाऱ्यांपेक्षा देणारे जास्त झाले. त्यात भीती. पडलेल्या घराचा दगड आपल्या घरात नको, असं घेणाऱ्यांना वाटायचं. म्हणून आताच्या शेठच्या वडिलांनी तुझ्या सासूला, आपल्याच दुकानात काम करणाऱ्याच्या बायकोला, एक खडा झोपवायला दिला. ती म्हणाली, चांगला आहे. तो विकला गेला. मग दुसरा आला. पुढं तुझे मालक, आमचे मामा, मी यायच्या आधीच गेलेले, त्याच दुकानात दागिन्यांत खडे बसवायचे. सासू गेल्यावर तिची उशी तुझ्याकडे आली, आणि शेठच्या मालकीच्या या दोन खोल्या तुमच्याकडे राहिल्या.

तुझ्या तेराव्यानंतर शेठ आले. चपला बाहेर काढून आत आले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. उशीकडे बघत म्हणाले, "रेणुका, तू त्यांच्या रक्ताची आहेस. खोली सोडायची काही गरज नाही. एम. ए. कर. खर्चाचं मी बघतो. दुपार तेवढी दे."

आपल्या घरात बी. ए.पर्यंत पोचलेली मी पहिलीच. बाबा शेंद्र्याच्या कंपनीत माल चढवतात. पुढं शिकायचं तर एवढाच रस्ता समोर होता. मी म्हटलं, सांगते. पण सांगण्याआधी मला एकच गोष्ट कळायला हवी होती आणि ती सांगणारी तू नव्हतीस. तुला खरंच काही दिसायचं का?

मी करमाडहून तुझ्याकडे राहायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुला झोपलेलं पाहिलं. उन्हाळा होता. बाहेर बाजाराचा सगळा गोंगाट आणि खोलीत मात्र आवाज नाही, पंख्याचासुद्धा, कारण लाईट गेली होती. तू उताणी होतीस. तुझा उजवा हात हळूहळू वर आला. बोटं फाकली. मग अनामिकेची कातडी नखाकडे ताणली गेली, अंगठी घट्ट बसली असेल आणि कुणी ओढून काढत असेल तेव्हा ताणली जाते तशी. बोटात अंगठी नव्हती. तुझे ओठ घट्ट मिटलेले होते. नंतर हात गादीवर आपटला आणि तू उठून पाणी मागितलंस.

"ही काढून घेतलेली हाय," तू म्हणालीस. "दिलेली नाय."

त्या दिवसापासून मी माझं अंथरूण स्वयंपाकाच्या खोलीत नेलं. तू हसलीस. "तिथं झुरळं हायत बग," म्हणालीस. मी म्हटलं, झुरळं चालतील.

अकरावीला अर्थशास्त्राच्या सरांनी प्रत्येकाला एक वस्तू निवडायला सांगितली. तिचा भाव काळाप्रमाणे कसा बदलला ते शोधून वर्गासमोर मांडायचं. मुलांनी कापूस घेतला, कांदा घेतला, सोनं घेतलं. मी हिरा घेतला. का घेतला ते सरांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, शहागंजात राहते म्हणून.

वाचत गेले तसं मी संध्याकाळी तुला सांगायचे. तू भाकरी थापत असायचीस. मी सांगितलं की सोन्याला रोजचा एक भाव असतो, पेपरात येतो, तसा हिऱ्याला नसतो. प्रत्येक नग वेगळा. वजन, रंग, आतला डाग, पैलू पाडणाऱ्याचा हात, सगळं बघून किंमत ठरते. परदेशातून व्यापाऱ्यांसाठी भावांची यादी निघते आणि व्यापारी त्या यादीपेक्षा किती खाली घेणार यावर भांडतात. आणि दुकानातून घेतलेला हिरा दुसऱ्या दिवशी विकायला गेलं तर दिलेले पैसे परत मिळत नाहीत.

"ते तर शेठला इचार," तू म्हणालीस.

मी सांगितलं की कितीतरी वर्षं जगातल्या खाणींतले बहुतेक कच्चे हिरे एकच मोठी कंपनी विकत घ्यायची. बाजारात थोडे थोडे सोडायची. गिऱ्हाईक कमी झालं तर माल तिजोरीत ठेवून द्यायची, म्हणजे भाव पडत नसे. वर जाहिराती करायची की हिरा लग्नात द्यावा आणि जन्मभर सांभाळावा. सांभाळला म्हणजे तो परत विकायला येत नाही. मध्ये एकदा महागाईच्या काळात लोकांनी गुंतवणूक म्हणून हिरे घेतले, भाव चढला, आणि सगळेच विकायला निघाले तेव्हा कोसळला. पुढं दुसऱ्या देशांत खाणी निघाल्या, कंपनीचा हात सैल झाला, आणि भाव खरा खालीवर व्हायला लागला.

तू भाकरी उलटलीस. "म्हंजी ती कंपनी बी हिरे झोपवूनच ठेवत व्हती की. तिजोरीत."

"तसं नाही गं आत्या."

"मंग कसं? त्या तिजोरीवर डोकं ठिऊन निजायला बाई ठिवली व्हती का इचार तुझ्या सरांना. पगार काय द्यायचे त्ये बी इचार."

आपण दोघी इतक्या हसलो की भाकरी करपली. ते मला फार आठवतं. गल्लीतल्या बायका आता तुझ्याबद्दल हळू आवाजात बोलतात, भुताबद्दल बोलावं तसं, आणि मला तुझी ती करपलेली भाकरी आठवते.

वर्गात मी फळ्यावर भावाची रेघ काढली. सरांनी विचारलं, जगात भाव चढा होता तेव्हा पोलीस ॲक्शननंतरच्या शहागंजात हिरे एवढे स्वस्त का गेले? मी म्हटलं, पुरवठा अचानक वाढला. सर म्हणाले, बरोबर. पण मला माहीत होतं की एवढंच नव्हतं. मुंबईहून येऊन ते हिरे घेणाऱ्यांना जगातला भाव ठाऊक होता, आणि इथं विकणाऱ्याला फक्त स्वतःची भीती ठाऊक होती. त्या दोन भावांच्या मध्ये एक उशी होती. मी फळा पुसून जागेवर बसले.

मग नसीमखालांची अंगठी.

नसीमखाला मागच्या गल्लीत राहतात, कपडे शिवतात. धाकट्याला नोकरीसाठी आखातात पाठवायचं होतं म्हणून त्यांनी आईची हिऱ्याची अंगठी शेठकडे आणली. शेठनी ती तुझ्याकडे दिली. तू झोपलीस आणि शेठना म्हणालीस, ही बरी नाही, हिच्यात रडणं आहे. शेठनी मान हलवली आणि खालांना पडेल भावानं पैसे दिले. तेव्हा मला ते तुझं नेहमीचंच काम वाटलं.

काही महिन्यांनी तू मला एक पुडी परत द्यायला दुकानात पाठवलंस. शेठ एका नवरा-बायकोला अंगठी दाखवत होते. कडीवरची वेलबुट्टी एका बाजूनं घासून गुळगुळीत झालेली, तुझ्याकडे पुडीत बघितली होती तशीच. तीच अंगठी. शेठ म्हणत होते, "बिनधास्त घ्या ताई. आमच्याकडे झोपवून बघितलेली आहे. फार लाभी आहे." आणि भाव सांगितला तो त्या दिवशीचा, वरचा. लॉकडाऊननंतर लोक पुन्हा दागिने घेऊ लागले होते आणि जगभर हिऱ्याचा भाव चढत होता. मी तर त्या भावांवरच अभ्यास करत होते.

घरी येऊन मी तुला विचारलं. "शेठना तू सांगितलंस ती अंगठी वाईट आहे. मग आज ती चांगली कशी झाली?"

"जेव आधी."

"आत्या, तुला खरंच काही दिसतं का?"

तू माझ्या ताटात भाजी वाढलीस. मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तुझी ह्या सत्राची फी भरली का नाय?"

"भरली."

"मंग."

त्यानंतर आपण सगळ्याबद्दल बोललो, त्याबद्दल सोडून. पुन्हा विचारायला वेळ आहे असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर मी उत्तराला भीत होते. दिसत नाही म्हणालीस तर माझं कॉलेज कशाच्या पैशांवर चाललं होतं ते कळणार होतं. दिसतं म्हणालीस तर त्या खोलीत दुपारी तुझ्याबरोबर कोण कोण असायचं, ते.

पुढं शेठचा मुलगा सुरतेहून एक खडा घेऊन आला. "आत्या, हा मशिनमध्ये वाढवलेला आहे. हिराच आहे, पण खाणीतला नाही. डोळ्याला फरक कळत नाही, यंत्र लावावं लागतं. बघा तुमच्या उशीला कळतोय का."

त्याला गंमत करायची होती. तूही हसत घेतलास. त्या दुपारी तू दिवेलागणीपर्यंत उठली नाहीस. मी दोनदा जवळ येऊन श्वास चालू आहे का बघितलं. जागी झालीस तेव्हा माझं मनगट धरलंस, आणि तुझा हात गार होता.

"तिथं कुनीच नव्हतं."

"मग चांगलंच की. कुणी रडणारं नाही."

"तसं नाय पोरी. कुनीच म्हंजी मी बी नव्हते."

मला वाटलं तू तो परत देशील. तू ठेवून घेतलास. शेठच्या मुलानंही मागितला नाही, कारण तोवर त्या खड्यांचा भाव असा घसरला होता की त्यासाठी गल्लीपर्यंत यायचे त्याला कष्ट वाटले. असा खडा बाजारात पहिल्यांदा आला तेव्हा खाणीतल्या हिऱ्याच्या मानानं थोडाच स्वस्त होता. मग कारखाने वाढले, अर्धा झाला, आणखी उतरला. त्यानं खाणीतल्या हिऱ्यालाही खाली ओढलं. तेच चमकणं थोडक्या पैशांत मिळत असेल तर जास्त कशाला द्या, असं लोक म्हणू लागले. शेठकडचे जुने नग काचेआड पडून राहिले आणि तुझ्याकडे पुड्या यायच्या बंद झाल्या.

पण तू दुपारची झोपत राहिलीस, त्या कुणी नसलेल्या खड्यावर. "लई गार वाटतंय," म्हणायचीस. "इतकी वरसं लोकांची माणसं बघितली. आता कुनाचं बगायचं नाय." झोप लांबत गेली. उठल्यावर मला ओळखायला तुला वेळ लागायचा. एकदा "तू कोनाची गं?" असं विचारलंस, अगदी मायेनं, पाहुण्या पोरीला विचारावं तसं. मी माझं नाव सांगितलं, बाबांचं नाव सांगितलं. तू मान डोलावलीस, पण तुला पटलेलं नव्हतं.

आणि मग एका दुपारी तू उठलीच नाहीस. मी कॉलेजातून आले, दार नुसतं लोटलेलं होतं. तुझ्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. दुःख नाही आणि शांतपणाही नाही. माणूस खोलीतून निघून गेल्यावर खुर्ची दिसते तसा चेहरा होता. घाबरण्याआधी क्षणभर मला वाटलं, तू कुठं गेलीस ते मला माहीत आहे, तूच मला सांगितलं होतंस.

उशीखालची पुडी मी काढून घेतली. पैठणला तुझ्या अस्थी सोडल्या तेव्हा त्या खड्यासकट सोडल्या. बाबांनी माझा हात धरला. "अगं, हिरा हाय त्यो!" मी त्यांना त्याचा आजचा भाव सांगितला. त्यांनी हात सोडला.

शेठ येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी नसीमखाला आल्या. भर दुपारी. दारातच बसल्या, आत या म्हटलं तर "नक्को, यहींच ठीक है" म्हणाल्या. तिथूनच उशीकडे बघू लागल्या. मला वाटलं, शिव्या देतील. मी आधीच म्हटलं, "खाला, तुमच्या अंगठीचं मला माहीत आहे. मी दुकानात बघितली होती."

"क्या मालूम है तेरेकू?"

"आत्यानं शेठना ती वाईट आहे म्हणून सांगितलं. तसं नव्हतं."

"हौ, नै था." त्यांनी पदर सारखा केला. "मेरेकू पैलेच बोली थी तेरी आत्या. शेठकू बोलने के भी पैले. यहींच बुलाई मेरेकू."

त्या सांगत गेल्या. तू अंगठीवर झोपून उठलीस आणि शेठकडे न जाता त्यांना बोलावून घेतलंस. म्हणालीस, नसीम, तुझी अम्मी दिसली. परातीत तांदूळ निवडत बसली होती. अंगठीचा खडा तिनं तळहाताकडे फिरवून घेतला होता, दाण्यांनी चरे पडू नयेत म्हणून, आणि मधूनच मूठ उघडून त्याच्याकडे बघून हसत होती.

"अम्मी ऐसाच करती थी," खाला म्हणाल्या. "हमारे घर के अंदर की बात. मेरे बच्चों को भी नै मालूम. तेरी आत्याकू कौन बोला?"

मी उशीपासून थोडी लांब सरकले.

"बोली, नसीम, अच्छी अंगूठी है. पण शेठकू मैं खराब बोलनेवाली हूं. मेरी खोली उनकी है, पोरी का कॉलेज है. तू दुसऱ्या दुकानात जा."

"मग गेलात का नाही?"

"कहां जाती? वीजावाला दूसरे दिन पैसे मांग रा था. और इस बजार में सब एक दूसरेकू फोन करते."

"तुम्हाला राग नाही आला तिचा?"

"आया ना! आएगा नै?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "साल भर बात नै की मैं. फिर अम्मी का चेहरा भूलने लगी मैं. फोटो नै है एक भी. तो फिर आई इसके पास. बोली, वो फिर से सुना. चावलवाला. इसने सुनाया. फिर हर ईदकू आती थी, शीरखुर्मा लेके. ये सुनाती थी. हर बार उतनाच. एक लफ्ज जियादा नै, एक कम नै."

ईदेला खाला यायच्या तेव्हा तू मला कोथिंबीर आणायला पिटाळायचीस. आता कळलं.

"और सुन," उठताना त्या म्हणाल्या, "तेरी आत्या अच्छी औरत थी, ऐसा मैं नै बोली. समझी? पर झूठ उसने शेठकूच बोला. मेरेकू नै."

त्या गेल्यावर मी खूप रडले आत्या. माझी फी त्या खोट्यातून आली हे खरंच आहे, ते काही धुऊन निघत नाही. पण तू भाव शेठना दिलास आणि स्वप्न जिचं होतं तिला दिलंस. किती जणींना असं बोलावलं असशील? गल्लीतल्या किती बाया तुझ्या मयताला येऊन एका बाजूला गप्प उभ्या होत्या, मला त्यांची नावंही माहीत नाहीत. मी जगाच्या भावाची रेघ काढत बसले होते, आणि तुला हे एकदाही नीट विचारलं नाही की रोज दुपारी दुसऱ्यांची मेलेली माणसं बघून तुला जेवण कसं जातं.

शेठ पुन्हा आले ते पुडी घेऊनच. "मशिनच्या हिऱ्याला मागचं पुढचं काही नसतं बेटा," म्हणाले. "जुन्याला असतं. आता लोक तेच विचारायला लागलेत, यात वेगळं काय? मी सांगणार, हा झोपवलेला आहे. दुसऱ्या कुठल्या दुकानात हे मिळतं? भाव परत चढेल. एक दुपार बघ तर खरं." पुडी कट्ट्यावर ठेवून गेले.

मला झोपायचं नव्हतं. पण माझ्यात ते आहे का, हे न कळता मी कुठंही राहिले असते तरी ते माझ्यामागं आलं असतं. जेवले. दार लोटलं. तुझ्या उशीला अजून तुझ्या खोबरेल तेलाचा वास होता. मी हात छातीवर घट्ट बांधून घेतले, ते आपोआप वर जाऊ नयेत म्हणून.

उठले तेव्हा माझ्या हातांना ओल्या चुन्याचा वास येत होता. नुकत्याच सारवलेल्या, रंगवलेल्या घराचा. आपल्या गल्लीत कुठंही रंगकाम चालू नव्हतं. मी हात दोनदा धुतले.

शेठ दारात उभे होते. "काय दिसलं?"

"झोपच लागली नाही."

ते माझ्या गालाकडे बघत राहिले. तिथं उशीच्या शिवणीचे वळ उठलेले होते, मला ते नंतर आरशात दिसले. शेठ रागावले नाहीत. "तुझी आत्याही पहिल्यांदा हेच म्हणाली होती," एवढंच बोलले आणि पुडीसाठी हात पुढं केला.

मी पुडी दिली नाही. "हा कुणाचा आहे?"

"विकणाऱ्याचं नाव सांगत नसतात."

"मला भाव नको. खोली पण नको. फक्त नाव सांगा."

"खोली नको तर मग नाव कशाला?" ते म्हणाले, आणि माझ्या मुठीतून पुडी हळूच काढून घेतली.

आता मी गारखेड्याला मैत्रिणींच्या खोलीत राहते. झेरॉक्सच्या दुकानात काम धरलंय, मुद्दाम दुपारचं. एम. ए. बाहेरून करेन, जसं जमेल तसं. उशी माझ्यासोबत आहे. मैत्रिणींना काही सांगितलेलं नाही.

रविवारी मी शहागंजात जाते. खालांना विचारते, फुलवाल्या मावशींना विचारते, अलीकडे कुणी हिरा विकलाय का, कुणाचं घर नवं चुन्यानं रंगवलं होतं का, आत्ता नसेल, पूर्वी कधीतरी. लोक माझ्याकडे विचित्र नजरेनं बघतात, तुझ्याकडे बघायचे तसंच. शेठनी तो खडा काचेत ठेवलाय. त्याचा भाव या महिन्यात आणखी उतरला, मी अजून बघत असते.

जे दिसलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. एक अक्षर पुसलं गेलेलं नाही. त्यात एक नाव आहे, घरात हाक मारायचं, बाहेर कुणाला माहीत नसणारं, आणि एक निरोप आहे. तो ऐकायला कुणीतरी या शहरात थांबलेलं असणार, त्या माणसाला स्वतःलाही ते माहीत नसेल. ते माणूस सापडेपर्यंत मी हे कुणालाही सांगणार नाही आत्या. तुलाही नाही.